नक्षी आणि नाव
१९९६ साली लीड्समध्ये रॉयल आर्मरीज संग्रहालय उघडले. मुलांना घेऊन तिथे गेलो, की सगळे हत्तीच्या चिलखतापाशी थांबतात. मी मात्र हिंदुस्थानी पात्यांवरची लाटांसारखी नक्षी न्याहाळत राहतो.

ही नक्षी वरून कोरलेली नसते. मुशीत वितळवलेले, भरपूर कर्ब असलेले पोलाद घडवताना त्यात कार्बाइडच्या रांगा तयार होतात. आम्ल लावले की त्या दिसतात. व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश त्यासाठी लागतो, हे अमेरिकेत धातुशास्त्रज्ञ व्हरहोवन आणि सुरीकार पेंड्रे यांनी १९९८ मध्ये मांडले. जुन्यापासून स्फूर्ती घेणे ती अशी!

आज ‘दमास्कस’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सुऱ्या मात्र निरनिराळ्या पोलादांचे थर भट्टीत जोडून घडवलेल्या असतात. त्यातही कसब आहेच. तक्रार आहे ती नावाबद्दल. मराठ्यांनी युरोपी पाती घेतली, त्यांना आपली मूठ बसवली आणि त्या तलवारीला उघडपणे ‘फिरंग’ म्हटले. उसने घेतल्याची लाज नव्हती, म्हणून लपवाछपवीही नव्हती.

“बाबा, ही नक्षी आपली ना?” असे मुलगी विचारते, तेव्हा खरे उत्तर देता यावे, एवढेच सुरीकारांकडे मागणे आहे.