डोक्यावरचे ठिपके आणि चाळीस पट झूम

शहादा तालुक्यातल्या एका शाळेतून मध्यंतरी आमच्याकडे एक छायाचित्र आलं. सागाच्या आडव्या फांदीवर बसलेलं एक छोटंसं घुबड. खाली मुलांनी लिहिलं होतं : 'रानपिंगळा. डोक्यावर ठिपके नाहीत.' छायाचित्र काढलं होतं खिशात मावणाऱ्या, पण लांबचं जवळ आणणाऱ्या एका डिजिटल कॅमेऱ्याने. कॅमेरा होता एका पालकांचा. सोबतच्या पत्रात शिक्षकांनी विचारलं होतं, 'असा कॅमेरा शाळेने घ्यावा का?'

आम्हाला वाटलं, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. छायाचित्रातला पक्षी खरंच रानपिंगळा आहे का, हे ठरवता ठरवताच या कॅमेऱ्याचे गुणदोष कळतील. म्हणून जरा मुळापासून सुरुवात करू.

रानपिंगळा हा साधासुधा पक्षी नाही. आजच्या छत्तीसगडातून मिळालेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन केलं. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना. १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून सांगितला गेलेला एक नमुना होता, पण तो ब्रिटनच्या संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना निघाला. पक्षी नामशेष झाला असावा असं अनेकांनी धरून चाललं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पुन्हा सापडला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

या गोष्टीत पुराव्याची रीत कशी बदलली ते पाहा. ह्यूम-डेव्हिडसन यांच्या काळी पुरावा म्हणजे गोळी घालून मारलेला पक्षी. १९९७ साली पक्षी फांदीवरच राहिला, पुरावा म्हणून चित्रफीत आणि छायाचित्रं पुरली. आज तेच काम शाळेतली मुलं करू पाहतात. ही मोठीच गोष्ट आहे. पण खोट्या चिठ्ठीने जशी फसगत झाली तशी छायाचित्रानेही होऊ शकते, आणि तीही कुणाच्या मनात खोटेपणा नसताना.

आपल्या गावाशेजारी दिसतो तो साधा पिंगळा आणि रानपिंगळा हे आकाराने जवळपास सारखे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, असलेच तर अगदी बारीक, फिकट ठिपके. म्हणजे सगळा निवाडा काही मिलिमीटरच्या ठिपक्यांवर येऊन ठेपतो. ते ठिपके कॅमेऱ्याला दिसतात का?

आता कॅमेऱ्याकडे वळू. या जातीचं उदाहरण म्हणून २०१८ साली आलेला कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस घेऊ. त्याची मापं प्रसिद्ध आहेत, म्हणून हिशेबाला सोयीची. भिंगाचं नाभीय अंतर ४.३ पासून १७२ मिलिमीटरपर्यंत बदलतं. १७२ भागिले ४.३ म्हणजे ४०. खोक्यावर लिहिलेलं 'चाळीस पट' ते हेच. वस्तू चाळीस पट मोठी दिसते असा याचा अर्थ नाही. सर्वांत रुंद दृश्याच्या तुलनेत सर्वांत अरुंद दृश्य चाळीस पट जवळचं, एवढंच. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेत हे २४ ते ९६० मिलिमीटर भरतं. त्या फिल्मवर ५० मिलिमीटरचं भिंग 'साधं' मानलं जाई. त्या मानाने वाढ सुमारे १९ पट. जाहिरातीतला आकडा वाचताना हा फरक मुलांना जरूर दाखवावा.

१९ पट हीसुद्धा थोडी नव्हे. पूर्ण झूम केल्यावर ५० मीटरवरच्या दृश्याची जेमतेम १.८ मीटर रुंदी चौकटीत मावते. सुमारे २३ सेंटिमीटरचा पिंगळा त्यात रुंदीचा आठवा भाग व्यापतो. असं दृश्य मोठ्या कॅमेऱ्याने घ्यायचं तर हातभर लांबीचं, काही किलो वजनाचं भिंग लागतं. इथे सगळं यंत्र ३०० ग्रॅमच्या आत! तोरणमाळच्या चढावर दप्तरात टाकून नेता येतं, आठवीतल्या मुलीलाही हाताळता येतं. दुसरा गुण आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. पक्ष्याच्या घरट्याजवळ न जाता त्याला पाहता येतं. दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत लांब राहणं ही पहिली शिस्त आहे.

रात्रीही हे यंत्र उपयोगी पडतं. चंद्राची प्रतिमा सेन्सरवर साधारण दीड मिलिमीटर व्यासाची पडते, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या एक तृतीयांश. टायको, कोपर्निकस ही विवरं ओळखता येतात. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले गुरूचे चार चंद्रही टिपता येतात. मात्र कॅमेरा कशावर तरी घट्ट टेकवायला हवा. एक सक्त सूचना : झूम केलेलं भिंग सूर्याकडे कधीही रोखू नये. भिंग तापलेला प्रकाश सेन्सरवर एकवटतं आणि कॅमेरा कायमचा निकामी होऊ शकतो.

हे झालं गुणांचं. आता दोषांकडे वळू. आमच्या मते मुख्य दोष कंपनीचा नाही, प्रकाशाच्या स्वभावाचा आहे. पूर्ण झूमवर या भिंगाचा एफ-आकडा ६.९ असतो. १७२ ला ६.९ ने भागलं की उत्तर सुमारे २५ येतं. म्हणजे प्रकाश आत येतो तो २५ मिलिमीटरच्या झरोक्यातून, एका मोठ्या नाण्याएवढ्या. एवढ्या लहान झरोक्यातून जाताना प्रकाश थोडा पसरतो. यालाच आपण विवर्तन म्हणतो. त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास सेन्सरवर सुमारे ९ मायक्रोमीटर भरतो. सेन्सरवरचा एकेक पिक्सेल मात्र अवघा १.२ मायक्रोमीटरचा. म्हणजे एका बिंदूचा प्रकाश सात-आठ पिक्सेलच्या रुंदीवर सांडतो. दोन कोटी पिक्सेल आहेत खरे, पण शेजारचे पिक्सेल बरीचशी एकच बातमी पुन्हा पुन्हा सांगत असतात. पिक्सेल वाढवून तपशील वाढत नाही, तो असा.

हाच हिशेब पक्ष्यावर लावू. अगदी आदर्श परिस्थितीत हा झरोका ५० मीटरवर १.३ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २.७ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकेल. नुसत्या डोळ्याला १०० मीटरवर साधारण ३ सेंटिमीटरचा तपशील दिसतो. म्हणजे कॅमेरा डोळ्याच्या दसपट तीक्ष्ण. कौतुकाचीच गोष्ट. पण पिंगळ्याचे ठिपके नेमके याच सीमेवर आहेत.

आदर्श परिस्थिती मैदानात मिळते का, हे आम्ही करून पाहिलं. आमच्या हाती आलेला कॅमेरा दुसऱ्या बनावटीचा पण याच जातीचा होता. तपकिरी पुठ्ठ्यावर आम्ही २, ३, ५ आणि ८ मिलिमीटर व्यासाचे पांढरे ठिपके ओळीने चिकटवले. पुठ्ठा झाडाला टांगून २५, ५० आणि १०० मीटरवरून छायाचित्रं घेतली. २५ मीटरवर सगळे ठिपके मोजता आले. ५० मीटरवर २ मिलिमीटरची ओळ धूसर झाली. १०० मीटरवर ५ मिलिमीटरचे कसेबसे दिसले, आणि २ व ३ मिलिमीटरच्या जागी पुठ्ठा चक्क कोरा दिसत होता! ओळी आहेत हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून बरं. नसतं तर आम्हीही लिहिलं असतं, 'ठिपके नाहीत.'

पुठ्ठा सावलीत नेल्यावर निकाल आणखी बिघडला. ५० मीटरवरच ३ मिलिमीटरचे ठिपके पुसले गेले. याचं कारण सेन्सरच्या आकारात आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६ गुणिले ४.५ मिलिमीटर असतो. जुन्या फिल्मच्या चौकटीच्या मानाने क्षेत्रफळ तिसावा हिस्सा. त्यात झरोका लहान. भर उन्हातसुद्धा पूर्ण झूमवर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका वेळ लागतो, सावलीत तो कित्येक पट वाढतो. हाताचा कंप सांभाळण्याची सोय कॅमेऱ्यात असते, पण हलणाऱ्या फांदीवर तिचा इलाज नाही. मग कॅमेरा संवेदनक्षमता वाढवतो आणि चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. ते कण घालवण्यासाठी आतला संगणक चित्र 'गुळगुळीत' करतो. कण कुठला आणि फिकट ठिपका कुठला, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? तो दोन्ही पुसून टाकतो. साध्या पिंगळ्याचा रानपिंगळा होतो तो इथेच.

उरलेले दोष लहान, पण सांगायला हवेत. झूमच्या टोकाला गेल्यावर पुढे 'डिजिटल झूम' सुरू होतो. तो नवीन तपशील देत नाही, आहे तेच चित्र कापून ताणतो. शाळेने तो बंदच करून ठेवावा. अरुंद दृश्यात पक्षी शोधणं अवघड जातं. आधी रुंद चौकटीत फांदी पकडून मग हळूहळू झूम करावा. काहींना डोळा लावायची खिडकी नसते (वरच्या उदाहरणातही नाही) आणि एप्रिलच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. दुपारी तापीकाठच्या शेतांवरची तापलेली हवा थरथरते. तिच्यातून घेतलेलं दूरचं चित्र कोणत्याही कॅमेऱ्याने धूसरच येणार. अशी छायाचित्रं सकाळी घ्यावीत.

तर मग शाळेच्या त्या छायाचित्राचं काय? आम्ही शिक्षकांना विचारलं. पक्षी ओढ्यापलीकडे नव्वद-शंभर मीटरवर होता, वेळ संध्याकाळची, फांदी सावलीत. म्हणजे डोक्यावर ठिपके असते तरी ते या चित्रात उतरले नसते. 'ठिपके दिसत नाहीत' हे मुलांचं निरीक्षण बरोबर आहे. 'ठिपके नाहीत' हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. या एका चित्रावरून तो रानपिंगळा आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. आम्ही तसंच कळवलं. मुलं हिरमुसली असतील, पण १९१४ च्या चिठ्ठीने किती वर्षं घोळ घातला हे वाचून त्यांना आमचं म्हणणं पटेल असं वाटतं.

पुढच्या वेळी काय करावं? एकाच खुणेवर विसंबू नये. रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पट्टे असतात, छातीवर गडद तपकिरी रंग आणि पोटाच्या मध्यभागी स्वच्छ पांढरा भाग असतो. या खुणा ठिपक्यांपेक्षा मोठ्या, म्हणून कॅमेऱ्याला सोप्या. समोरून, बाजूने आणि पाठीमागून जमतील तेवढी चित्रं घ्यावीत. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावावं, अंतर, वेळ आणि उजेड वहीत टिपावा. घरट्याजवळ जाऊ नये, ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावू नये. २०१८ साली जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी झाली असली तरी तो अजून धोक्याबाहेर नाही.

आणि कॅमेरा घ्यावा का? पक्ष्यांची वही, चंद्र, दूरच्या डोंगराचे थर, नदीच्या पुराची पातळी एवढं सगळं एका यंत्रात हवं असेल तर जरूर घ्यावा. वजन आणि पल्ला यांचा असा मेळ मोबाइलमध्ये सहसा मिळत नाही. फक्त दुर्मिळ पक्ष्यांचा निर्विवाद पुरावा हवा असेल तर तो याच्याकडून ५० मीटरच्या आत आणि चांगल्या उजेडातच मागावा. काहीही असो, विकत घेण्याआधी दुकानाबाहेर किंवा शाळेच्या मैदानात पुठ्ठ्याचा प्रयोग करावा. आपला कॅमेरा किती मीटरवर किती मिलिमीटरचा ठिपका गमावतो, याचा एक तक्ता मुलांकडून करून घेऊन तो कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवावा. तुमच्या शाळेचे आकडे आम्हालाही जरूर कळवा.