कोळशाची रेघ आणि लेण्याची भिंत

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या आम्ही खानदेशवासीयांनी अनेकदा पाहिल्या आहेत; तो कोळसा भूगर्भातून वर काढणाऱ्या माणसाचा विचार मात्र क्वचितच केला. प्रभाकर पाचपुते यांची कला त्या माणसाला समोर उभे करते.

चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती येथे १९८६ साली जन्मलेल्या या कलावंताच्या घरातील माणसे खाणीत राबली. खैरागढ व बडोदा येथे त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. भिंतीवर थेट कोळशाने काढलेली प्रचंड चित्रे, शिल्पे, आणि रेखाटनांची छायाचित्रे एकापुढे एक जोडून सिद्ध केलेले चलच्चित्र ही त्यांची माध्यमे होत. (चित्राचा कोळसा लाकडी, खाणीचा दगडी; पण डाग सारखाच.)

प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा रंगविली जाते. यास 'अनिच्च' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. पालि परंपरेत अनिच्चाचा विचार दुःखापासून तोडून करता येत नाही, आणि दुःखास कारणे असतात. पाचपुते यांच्या खाणकामगाराच्या धडावर डोक्याऐवजी दिवा किंवा अवजार असते. हे दुःख दैवाने आलेले नाही. ते कामाच्या रचनेतून उत्पन्न झाले आहे, हे त्या आकृतीत स्पष्ट दिसते. त्यांच्या कलेचे खरे सामर्थ्य आमच्या मते येथे आहे.

जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्यातही शिल्प, चित्र आणि अंधार एकाच जागेसाठी एकत्र आले. तेथील सोळाव्या लेण्याच्या लेखात वाकाटकांचा अमात्य वराहदेव याचे दातृत्व नोंदले आहे. छिन्नी चालविणाऱ्यांची नावे नाहीत. उलट चाळीसगावच्या बाजूस, डोंगरापलीकडील पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास नावाच्या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे.

म्हणूनच एक आक्षेप नोंदवितो. चेहरा हिरावला गेल्याचे दाखविताना चित्रकारही तो चेहरा पुन्हा एकदा झाकतो. २०२१ साली ब्रिटनमधील आर्टेस मुंडी पारितोषिक पाचपुते यांच्यासह सहाही कलावंतांना विभागून मिळाले. तेथवर पोहोचलेल्या या कामगाराला कण्हदासासारखे एखादे नाव असते, तर आम्ही त्या भिंतीपुढे अधिक वेळ थांबलो असतो.