‘सामाजी हसाजी’ : एक अनिष्ट पाठशुद्धि

इ. स. १७९६ सालीं मुंबईंत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर यांचें नांव अस्सल मराठी भासतें. संस्कृताच्या संस्कारामुळें आम्हींही ‘सामाजी’चें मूळ ‘श्याम’ शब्दांत शोधलें होतें. ती व्युत्पत्ति सपशेल चुकीची होय. सामाजी म्हणजे शमुवेल. हसाजी म्हणजे यहेज्केल, ‘देव बळ देतो’ हा त्याचा अर्थ. ‘जी’ आणि ‘कर’ हे मात्र मराठीचे. शमुवेल नांवाचा उलगडा बायबल ‘देवाजवळ मागितलेला’ असा करतें. शब्दाची घटना ‘देवाचें नांव’ असें सुचविते. यास्काचीं निर्वचनेंही कित्येकदां अशींच असतात. एवंच, जुन्या कागदांत ‘सामाजी’ आढळल्यास संग्राहकांनीं त्याचें ‘शामजी’ करूं नये. अशा शुद्धीनें एका समाजाची ओळखच पुसली जाते.