भय: आशय आणि देखावा

‘तुंबाड’ (२०१८) व ‘मुंज्या’ (२०२४) हे चित्रपट हिंदी असले, तरी त्यांतील भयाचा परिसर मराठी आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये अन्नासाठी भुकेल्या हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकून माणूस सोन्याच्या मुद्रा पळवतो. येथे हस्तरची भूक माणसाच्या लोभापुढे क्षुद्र ठरते. बाप मुलाला हाच लोभ वारशाने देतो आणि भयाला नैतिक आशय लाभतो. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त मुंजीनंतर अकाली मेलेल्या मुलाची अतृप्ती हे तितकेच समर्थ बीज होते, परंतु संगणकनिर्मित आकृती व विनोद यांच्या भरात तिची करुणता विरते. प्रेक्षक दचकतो, हसतो. अस्वस्थ होत नाही. म्हणजे प्रश्न भाषेचा नाही, लोकसंकेतामागील दुःख जपण्याचा आहे. ते जपले तर मुंज हिंदीतही संस्कार राहते. न जपले तर मराठीतही ती केवळ वेशभूषा ठरेल.