दोन मिनिटांचा रहस्यपट

इंग्लंडांतील एका परीक्षामंडळाच्या माध्यमविषयक पाठ्यक्रमांत बरींच वर्षें एक मोठी मौजेची कसोटी असे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनीं एका नव्या, म्हणजे अस्तित्वांत नसलेल्या, कथाचित्रपटाची नामावली व आरंभ तेवढा तयार करावयाचा. लांबी फार तर दोन मिनिटें. पुढचा चित्रपट कोणी करीत नसे. पुष्कळ मुलें रहस्यपट निवडीत, आणि कॅमेऱ्यास हात लावण्यापूर्वीं आधींच्या विद्यार्थ्यांनीं केलेले असेच तुकडे पाहून त्यांचें टिपण करीत. आमच्या मतें या कसोटीचा गाभा हें टिपणच होय. आणि तेंच बहुधा वायां जातें.

वायां कसें जातें, हें असे तुकडे ओळीनें पाहणाऱ्यास लवकर कळतें. एकांत डोक्यावर टोपी पुढें ओढलेला इसम झाडींतून चालतो. दुसऱ्यांत तोच इसम, निदान तीच टोपी, शाळेच्या ओसाड बोळांतून चालते. तिसऱ्यांत कोणी दिसत नाहीं, पण श्वास ऐकूं येतो. कॅमेरा थरथरतो, अक्षरें रक्तासारखीं ओघळतात. प्रत्येकानें आधींच्याची टोपी उचलली. ती तेथें कां होती, हें विचारलें नाहीं.

यावर सांगण्यांत येतें कीं, थोरांचे नमुने पाहा. सल्ला वाईट नाहीं. १९६० सालच्या 'सायको'मध्यें सॉल बासनें करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या धांवडवून नांवें फोडलीं व पुन्हां सांधलीं. खुनाचें चित्र एकहि नाहीं, तरी दुभंगलेल्या मनाची भीति बर्नार्ड हर्मनच्या तंतुवाद्यांबरोबर अंगावर येते. १९९५ च्या 'सेव्हन'मध्यें काइल कूपरनें ओरखडलेल्या अक्षरांबरोबर वह्या शिवणारे हात दाखविले. तोंड दिसत नाहीं, वेड मात्र कळतें. परंतु अशा कृतींत टांके दिसत नाहींत. नवशिक्या भारावून जातो. चूक कोठें होऊं शकली असती, हें त्याला उमगत नाहीं. शाळासोबत्याच्या तुकड्यांत टांके उघडे असतात. शीर्षक फार लवकर आलें म्हणून ताण सुटला. दिग्दर्शकाचें नांव नेमकें सुरीवर पडलें म्हणून सुरी दिसलीच नाहीं. हें 'सायको' कसें शिकविणार?

बोळच घ्या. जॉर्ज ल्यूकस यानें १९६७ सालीं, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत विद्यार्थी असतांना, 'इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ' हा सुमारें पंधरा मिनिटांचा चित्रपट केला. त्यांतहि एक मनुष्य बोळांतून पळतो, आणि तो बोळहि कोणी मुद्दाम बांधलेला नव्हे. पण त्या पळणाऱ्यावर यंत्रांतून नजर ठेवणारे निर्विकार आवाजांत आंकडे बोलत राहतात. त्यामुळें प्रेक्षकाला बोळाची नव्हे, त्या मोजणाराची धास्ती वाटते. पुढें १९७१ सालीं ल्यूकसनें याच कल्पनेचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, पहिलाच अधिक बोंचतो. असो. शिकणाऱ्यानें उचलावयाचा तो हा प्रश्न, कीं पाहत आहे कोण? बोळ प्रत्येक शाळेंत आहेच.

एक अडचण मात्र खरी आहे. शिक्षक स्वाभाविकपणेंच भरघोस गुण मिळविलेले तुकडे दाखवितात, आणि मुलें गुणांचीच नक्कल करतात. फसलेले तुकडे दाखविले तर शिकावयास अधिक मिळेल. परंतु वर्षभर राबलेल्या एखाद्या मुलीची कृति तिच्या मागच्या वर्गानें हंसत पाहावी, हेंहि आम्हांस रुचत नाहीं. कर्त्याचें नांव झांकावें म्हणावें, तर तुकडाच नामावलीचा! तेव्हां कर्त्याची अनुमति घ्यावी, आणि शक्य तर त्यालाच वर्गांत बोलावून कोठें फसलें तें त्याच्याच तोंडून ऐकावें. मग तोच तुकडा पुन्हां, आवाज बंद करून, लावावा, आणि कोणतें नांव कितव्या सेकंदाला आलें व त्यानें पडद्यावरचें काय झांकलें, एवढेंच मुलांनीं लिहून काढावें.