तेलाचे आकडे आणि गोसीखुर्दचे माप

तेलाची बातमी वाचताना आपली नजर बहुधा आकड्यांवरून घसरत पुढे जाते. जागतिक भाव पिंपाला डॉलरमध्ये, देशाची आयात टनांत, साठे अब्ज पिंपांत आणि पंपावरचा दर लिटरला! मापे चार, पण त्यांना जोडणारे वाक्य एकही नाही. अशा बातमीतून वाचकाला फक्त ‘खूप’ एवढेच कळते. लिहिणाऱ्याकडून तीन शून्ये राहून गेली, तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मुळात ही मापे एका जातीची नाहीत. पिंप (बॅरल) हे आकारमानाचे माप. ते ४२ अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे १५९ लिटरचे असते. टन हे वस्तुमानाचे माप. या दोहोंमधला दुवा म्हणजे घनता. कच्च्या तेलाची घनता पाण्याच्या ०.८६ पट धरली, तर एका टनात सुमारे ७.३ पिंपे तेल बसते. तेल तापले की प्रसरण पावते, म्हणून घनता १५ अंश सेल्सिअसला काय असेल ते काढून नोंदवतात. बातमीत मात्र घनतेचा उल्लेख नसतो.

संक्षेपांनी गोंधळ आणखी वाढतो. आपण वर्गात ‘एम’ म्हणजे मेगा, दहा लाख, असे शिकवतो. तेलाच्या व्यवहारात ‘एम’ हा रोमन हजार असतो आणि दहा लाखांसाठी ‘एमएम’ लिहितात. हे माहीत नसेल तर चूक थेट हजार पटींची होते.

यावर एक सोपा ताळा आहे. रोजच्या पिंपांना ५० ने गुणले की वर्षाचे टन मिळतात (३६५ भागिले ७.३). मुंबईजवळच्या समुद्रातले ‘बॉम्बे हाय’ क्षेत्र १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. ते ऐन भरात असताना रोज सुमारे चार लाख पिंपे तेल निघे. चार लाख गुणिले ५० म्हणजे वर्षाला दोन कोटी टन. वेगळे वाटणारे दोन आकडे प्रत्यक्षात एकच आहेत.

आता हेच आकडे आपल्या जिल्ह्यातल्या मापाने मोजू. पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११४६ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे. भारताने २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात केले. त्याचे आकारमान भरते सुमारे २६७ दलघमी, म्हणजे धरणाच्या पावहिश्श्यापेक्षाही कमी. सारे जग रोज सुमारे दहा कोटी पिंपे तेल वापरते. त्याचा अखंड प्रवाह कल्पिला, तर तो सेकंदाला १८४ घनमीटर, म्हणजे १८४ क्युमेक होतो. पावसाळ्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की हजारो क्युमेक पाणी सुटते, हे आपले विद्यार्थी दरवर्षी ऐकतात. आकारमानाने तेल असे थोडेच आहे. पण एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा देते. तेलाचे महत्त्व या ऊर्जेत आहे.

खरा प्रश्न साठ्यांच्या बातम्यांचा आहे. ‘शंभर कोटी पिंपांचा साठा सापडला’ असे वाचले की देश स्वयंपूर्ण झाल्यासारखे वाटते. भारताचा वापर रोज सुमारे ५५ लाख पिंपांचा. भागाकार करा: १८२ दिवस! शिवाय तो आकडा खडकातल्या एकूण तेलाचा असेल, तर त्यातले बरेचसे खडकातच अडकून राहते. साधारणपणे एक तृतीयांशाच्या आसपासच हाती येते. मग उरतात दोन महिने. आकडा कोणत्या साठ्याचा आहे, हे न सांगणारी बातमी खोटी नसली तरी दिशाभूल करणारीच ठरते.

म्हणून अशी बातमी वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हे माप आकारमानाचे की वस्तुमानाचे? दिवसाचे, वर्षाचे की एकदाच मिळणारे? आणि आपल्या वापराने भागले तर किती दिवसांचे? याला आठवीचे गणित पुरते.