मधुमेहाची तीन कथानके

मराठी कादंबरीने क्षयाला जेवढा मान दिला, तेवढा मधुमेहाला कधी दिला नाही. क्षयी नायिका खोकते, खिडकीबाहेर पाहते आणि वाचकांच्या डोळ्यांत पाणी उभे करून निघून जाते. मधुमेहाच्या वाट्याला मात्र विनोद आला. चोरून लाडू खाणारे आजोबा, त्यांच्यावर पाळत ठेवणारी सूनबाई आणि अखेर फराळाच्या डब्याची झडती. दिवाळी अंकांतील व्यंगचित्रांनी या प्रसंगावर आजवर किती हशा वसूल केला असेल! मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. पण गोष्ट कोठे लंगडी पडते, हे पाहण्याची सवय आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींवर मधुमेही आहेत. एवढ्या माणसांविषयी आपण घरोघर जी गोष्ट सांगतो ती तपासून पाहण्यासारखी खचितच आहे.

पहिले कथानक पाप आणि शिक्षेचे. गोड खाल्ले, बैठे काम केले, भोगा आता! या कथानकात तथ्य नाही असे नव्हे. आहार, वाढते वजन आणि व्यायामाचा अभाव यांचा या रोगाशी असलेला संबंध पक्का आहे. पण सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार मानले होते: एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून आलेला, आणि पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो, असेही त्याने नोंदले. आपण सोयीस्करपणे दुसराच तेवढा लक्षात ठेवला. रोग्याला बोल लावणे फुकट पडते, हे त्याचे कारण असावे.

दुसरे कथानक आमच्या पुण्यात लिहिले गेले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो अंक आहे, तो दोघांचाही २२.३, म्हणजे काट्यावर दोघे सारखेच सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली! पात्राचे बाह्य वर्णन आणि त्याचे अंतरंग यांतला विरोध इतक्या थोडक्यात दाखवणारे व्यक्तिचित्र मी क्वचित पाहिले आहे.

हा विरोध येतो कोठून? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आमची बाळे हाडामांसाने बरीच लहान; चरबीच्या बाबतीत मात्र तेवढी मागे नव्हती. पुढे २००८ साली असे दिसले की, ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. हे कथानक मला पहिल्यापेक्षा खोल वाटते. पण त्यात एक धोका आहे. ‘आईच्या पोटातच बिघडले’ हे वाक्य आमच्या घरांत फार लवकर तयार होईल, आणि लाडवाचा आरोप आजोबांवरून उचलून सुनेवर ठेवला जाईल. गरोदर बाईच्या ताटात काय पडते, हे ती एकटी कधी ठरवते? तेव्हा प्रश्न साऱ्या घराचा आहे.

तिसरे कथानक विषाचे. रसायनाने मधुमेह होऊ शकतो काय? होऊ शकतो. प्रयोगशाळेत उंदरांना ॲलॉक्सन टोचून मधुमेही करतात, हे १९४३ पासून ठाऊक आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत ‘व्हॅकॉर’ नावाचे उंदरांचे विष पोटात गेलेली काही माणसे जगली, पण कायमची मधुमेही झाली. १९७९ साली ते विष बाजारातून काढून घेतले गेले. पण हे झाले एका घोटाचे विष. थेंबाथेंबाने येणाऱ्या विषाचे काय? तामिळनाडूतील खेड्यांत कीटकनाशकांशी नित्य संबंध येणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळला, आणि मोनोक्रोटोफॉस १८० दिवस दिलेल्या उंदरांची साखर पचवण्याची शक्ती बिघडली, असे मदुराईच्या संशोधकांनी २०१७ साली मांडले. दिल्ली आणि चेन्नईत हवेतील सूक्ष्म धूळ व रक्तातील साखर यांचा संबंध २०२३ साली दाखवण्यात आला. फार आर्सेनिक असलेल्या विहिरींच्या प्रदेशातही, तैवानपासून बांगलादेशापर्यंत, असाच संबंध दिसला आहे.

येथे टीकाकाराने सावध राहावे. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणून एकीने दुसरीला जन्म दिला, असे होत नाही. शहरात धूर वाढला, तसे चालणे घटले आणि तळणही वाढले; यांतला प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. शिवाय खलनायक बाहेरचा असला की आपण सारे निर्दोष ठरतो, आणि हा मोह कादंबरीकाराला चांगलाच परिचित असतो. म्हणून विषाचे कथानक संभाव्य म्हणावे, सिद्ध म्हणू नये. आणि त्याच्या आधाराने कोणी औषध किंवा पथ्य सोडू नये, हे तर झालेच.

तरीही ते अपुरे म्हणून फेकून देणे मला मान्य नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ते मरण दिसले, म्हणून बातमी झाली. जे फवारून संध्याकाळी घरी परतले आणि वर्षानुवर्षे फवारतच राहिले, त्यांच्या रक्तात काय चालले आहे, हे विचारणारे थोडे. त्यांच्यातला एखादा पुढे मधुमेही निघाला, तर त्यालाही आपण हेच विचारणार, ‘गोड फार खाता काय?’ फवारणीच्या गावी सरकारी दवाखान्यात या माणसांची साखर दरवर्षी तपासली जावी, त्याची नोंद राहावी आणि त्यांच्या तोंडाला धड मुखवटा व हाताला मोजे मिळावेत, एवढी मागणी करण्यासाठी अंतिम सिद्धतेची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.